नवव्या गाठीचा दिवस

१

आमशा पावराला या प्रकरणात काय मिळालं, हे मोजायला एका हाताची बोटं पुरली. पाच मुली. पाचही त्याच्याच पाड्यावरच्या, आणि त्यांतली एक, गायत्री, त्याची सख्खी भाची. दहा जूनला धडगावात एक दिवसाचं दाखले शिबिर होतं. जातीचा, रहिवासाचा, सगळे कागद एका छपराखाली. त्या पाचजणी सकाळी नऊला रांगेत होत्या आणि चार वाजता कागद घेऊन घरी गेल्या.

लांबच्या चार पाड्यांवरून तेवीस मुली उतरल्या, त्या बारा जूनला. सभागृहाला कुलूप होतं. शिपायाने सांगितलं, शिबिर होऊन दोन दिवस झाले, पुढचं ऑगस्टात. कुणाला नर्सिंगला जायचं होतं, कुणाला आयटीआयला, कुणाला नंदुरबारच्या वसतिगृहात. सगळ्यांची मुदत पंधरा जूनला संपत होती.

तेवीसजणी वाटेतून बाजूला झाल्या की पाचजणींची वाट रुंद होते. हा हिशोब शनिवारी सकाळपर्यंत शहाद्यापासून नवापूरपर्यंत सगळ्यांचा करून झाला होता आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं की अनुसयाबाई गावितांना गणिताचाच संशय यायचा. चिंचपाड्याच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर माणसाला ही खोड लागते. सगळं घर एका सुरात "काल रात्रीपासूनच दुखतंय" म्हणालं की समजायचं, आठ दिवस झालेत.

निवृत्तीनंतर त्या ‘सल्लाकट्टा’ सांभाळत होत्या. सल्लाकट्टा म्हणजे जिल्ह्यातल्या माणसांनी जिल्ह्यातल्या माणसांसाठी मोबाईलवर चालवलेली एक जागा. हरवलेलं आधार कार्ड परत कसं मिळवावं, एसटीत शेळी नेता येते का, विंचू चावल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करू नये, असे लेख तिथे फुकट लिहिले जायचे. वाचून उपयोग झाला तर अंगठा उमटवायचा. जास्त अंगठे मिळाले की लिहिणाऱ्याच्या नावापुढे तारा. माणसं ताऱ्यासाठी काय काय करतात, ते अनुसयाबाईंनी चार वर्षं पाहिलं होतं.

शिबिराचा लेख आमशाचा होता. कट्टा सुरू करणारी स्वप्नाली शहाद्याहून फोनवर म्हणाली, "सिस्टर, मी लेख उघडून बसलेय. प्रसिद्ध तारीख तीन जून. खाली आमशा सरांनी लिहिलंय, आजपासून नऊ गाठी मारा. तीन आणि नऊ?"

"बारा."

"शिबिर दहाला. म्हणजे सात गाठी हव्या होत्या. बाहेरच्यांना नऊ सांगितल्या, स्वतःच्या पाड्याला खरं सांगितलं. मी विचारलं तर म्हणतात, ‘नऊच लिहिल्या, नऊच बरोबर.’ आता फोनच उचलत नाहीत."

"मग?"

"उद्या संध्याकाळी सहाला सगळ्यांची ऑनलाइन बैठक. त्यांचं नाव काढायचं आणि त्यांचे लेखही. एकशेबारा आहेत. लोक खवळलेत, सिस्टर. तुम्ही एकदा जाऊन या, म्हणजे विचारलं नाही असं कुणी म्हणायला नको."

अनुसयाबाईंनी काळा चष्मा डोळ्यांवर नीट बसवला आणि पिशवीत पाण्याची बाटली टाकली. एकशेबारा लेख. डोंगरातल्या माणसाला समजेल असं दुसरं कुणी लिहीतच नव्हतं. शिवाय एक गोष्ट त्यांना रुतत होती. खोटं बोलणारा माणूस आकडा बदलून बघतो. हा एकाच आकड्याला धरून बसला होता.

२

गाठींचं असं होतं. वरच्या पाड्यांवर लग्नाचं किंवा सणाचं बोलावणं दोऱ्यावर जातं. जितके दिवस उरलेत तितक्या गाठी मारायच्या, दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक सोडायची. शेवटची सुटली की तो दिवस. आमशाने ही रीत लेखात आणली. लेख कट्ट्यावर आला की धडगावात त्याची छापील प्रत निघायची, पाचच्या शेवटच्या जीपने वर जायची, शाळेतली एखादी पोर मोठ्याने वाचून दाखवायची आणि बाया त्याच संध्याकाळी गाठी मारायच्या. लसीकरण असो की रेशन, चार वर्षांत एक गाठ चुकली नव्हती.

लेख आमशाकडून सरळ कट्ट्यावर येत नसे. मध्ये दोन हात होते. भाषा तपासायला शहाद्याचे नवनीत पाटील आणि शेवटचं ‘मंजूर’ दाबायला स्वतः अनुसयाबाई.

नवनीतराव निवृत्त मुख्याध्यापक. कट्ट्यावरचा पहिला तारा त्यांचा होता. दोन वर्षांपूर्वी आमशा त्यांच्या पुढे गेला, तेव्हापासून ते "अंगठ्यांवर माणसाची किंमत ठरत नाही" असं वरचेवर म्हणत. पहिल्या नंबरावर असताना हे वाक्य त्यांना सुचलेलं नव्हतं.

"या सिस्टर, या! काळा चष्मा? सिनेमामा काम करी ऱ्हायन्यात का काय?" त्यांनी झोपाळा थांबवला. "सुरतनं बारसं कसं व्हयनं?"

"झालं," अनुसयाबाई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या. "नाना, आमशाचा लेख तुमच्या हाताखालून गेला."

"मन्हा हातखालथून समदाच जातस. मी ऱ्हस्व-दीर्घ पाहतो. गाठी मोजत नाही." मुख्याध्यापक प्रमाण मराठीत शिरले म्हणजे सावध झाले, हे अख्ख्या शहाद्याला माहीत होतं. "आणि खरं सांगू? दोऱ्याच्या गाठी हे काय लेखन झालं? पाहुण्यांसमोर आपण मागासलेले दिसतो."

"कोणते पाहुणे? कट्ट्यावर आपणच येतो."

नवनीतरावांनी झोपाळ्याला पायाने हलका रेटा दिला.

"लेखात तारीख का नाही, नाना? चार वर्षांत आमशाने गाठींच्या खाली तारीख लिहिली नाही असं झालेलं नाही. मी त्याचे जुने लेख बसमध्ये शेजारी बसलेल्या मुलीकडून वाचून घेतले."

"मुलीकडून? तुमले वाचता नही येत आते?"

"बस हलते. तारीख कुठे गेली?"

झोपाळ्याची कडी कुरकुरत राहिली. आतून त्यांच्या पत्नीने चहा आणला, ठेवला, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. त्या पाहण्यात कालपासूनचं भांडण होतं.

"मी काढली," नवनीतराव म्हणाले.

३

"एकच गोष्ट दोनदा लिहू नये, हे मी पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं," ते सांगत होते. आवाज खाली गेला होता. "गाठी तरी ठेव नाहीतर तारीख तरी. मी तारीख काढली. हां, थोडा राग होता. वाटनं, पाहू तं खरं, नुसता गाठींवर याचं किती चालतं. पण सिस्टर, आकडा मी बदलला नाही. नऊ होते, नऊच ठेवले. आणि तुमचं काम घड्याळासारखं! सकाळचं लिखाण दुपारी चारला कट्ट्यावर, पाचच्या जीपने डोंगरात. चार वर्षांत तुम्ही एकदा चुकल्या नाहीत. मग नऊ गाठी चुकतीलच कशा?"

"हे कालच का नाही बोललात?"

"काल समदा त्या पोऱ्याले शिव्या दी ऱ्हायंतात. माले कोन इचारतं?" त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. "मन्हं नाव बैठकमा घ्यानं शे का?"

घ्यायचं तर घेता आलं असतं. तारीख खोडणारा सापडला होता, मत्सर सापडला होता, कबुलीही मिळाली होती. दुसऱ्या कुणी तिथूनच परतीची बस धरली असती. पण खोडलेल्या तारखेमुळे मुलींना चूक समजली नाही एवढंच सिद्ध होत होतं. चूक झाली कशी, ते तसंच राहत होतं. तीन आणि नऊ अजून बाराच होत होते.

घाटातून जीप चढली तेव्हा अनुसयाबाईंच्या मांडीवर कुणाचं तरी मूल झोपलं होतं आणि पायाशी कोंबडी होती. वयाची साठ वर्षं झाल्यावर बाईने घरी बसावं, असं त्यांना वाटलं. हे त्यांना रोजच वाटायचं. वाटून झालं की त्या कट्टा उघडायच्या.

धडगावात सभागृहाला लागूनच भूपेशचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. कट्टा सुरू झाल्यापासून लोक लेख वाचून स्वतःच फॉर्म भरू लागले आणि त्याच्या दारातली रांग आखडली. तरी प्रती छापून जीपमध्ये टाकायचं काम त्यानेच अंगावर घेतलं होतं. छापील प्रतीच्या कोपऱ्यात तो स्वतःचा मोबाईल नंबर घालायचा. बाराला कुलपासमोर उभ्या तेवीस मुलींचा फोटो काढून तासाभरात सगळीकडे पाठवणारा तोच.

"चांगला आलाय फोटो," अनुसयाबाई म्हणाल्या. "तेवीसही चेहरे दिसतात. तुझी पाटीसुद्धा."

"बाई, पाटी मागे आली त्याला मी काय करू?" भूपेश हसला. "कालपासून समदे मन्हाकडेच येतस. म्हनतस, भाऊ तूच भर, लेखबिख नको."

"म्हणजे तुझं बरं झालं."

"बरं झालं. मी केलं नाही." तो सरळ बोलला. "मी कट्ट्यावर लिहीत नाही, खोडत नाही. जे येतं ते छापतो. हे पाहा."

त्याने प्रतींची थप्पी पुढे टाकली. अनुसयाबाईंनी चष्मा काढला, पिशवीतून बारीक बाटली काढली, मान मागे टाकून डाव्या डोळ्यात एक थेंब सोडला आणि डोळा मिटून बसल्या.

"मोतीबिंदू?" भूपेशने विचारलं. "मन्ही आईचाही केला. कधी झालं ऑपरेशन?"

"महिन्याच्या सुरुवातीला. कुणाला सांगू नकोस, उगाच काळजी करतात. वाच तू. कोपऱ्यात काय आहे?"

"प्रसिद्ध, तीन जून, सकाळी अकरा दहा. मी साडेअकराला छापला. त्याच दिवशी पाचच्या जीपला दिला. बुधवार होता." तो थांबला. "पण एक गंमत सांगू? सोमवारपासून मी वाट पाहत होतो. शिबिराचा लेख येणार हे तहसीलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी काहीच नाही. दोन दिवस जीप रिकामी गेली. असं कधी होत नाही."

अनुसयाबाईंचा डोळा मिटलेलाच होता. औषध झोंबत असावं.

४

त्या तेवीसजणींतल्या रिना वसावेचं घर शेवटच्या जीपथांब्यापासून पाऊण तास चढावर. रविवारी सकाळी अनुसयाबाई तिथे पोचल्या तेव्हा रिना पाणी भरून येत होती. तिने बाईंना ओळखलं, हंडा उतरवला, खाट टाकली आणि मग लांब उभी राहिली.

"तुम्ही कट्ट्यावाल्या?"

"हो."

"तुमचा विंचवाचा लेख आमच्या शाळेत लावलाय." एवढं बोलून तिने हंडा बाजूला सरकवला. चांगलं बोलून झालं होतं.

बारावीला तिला एकाहत्तर टक्के. नर्सिंगच्या यादीत नाव आलं होतं. गायत्रीच्या वर.

"बारावी झालेली मुलगी तू," अनुसयाबाई म्हणाल्या. "तारीख विचारावी असं वाटलं नाही?"

"वाटलं. मी रस्त्याच्या कामावर होते तिकडे गुजरातमध्ये. आईने निरोप दिला, तीन गाठी उरल्या, ये. मी आले. आईला म्हटलं, टेकडीवर जाऊन फोन लावते, तारीख विचारते. आई म्हणाली, आमशा सरांची गाठ कधी चुकली? माझ्या भावाची लस त्याच गाठींनी झाली. रेशनपण." रिनाने पदराने तोंड पुसलं. "तुम्हीच शिकवलं ना, कट्ट्यावर विश्वास ठेवा म्हणून?"

आतून भुरीबाई, तिची आई, दोरा घेऊन आली. तिला मराठी फार येत नव्हती. तिने दोरा अनुसयाबाईंच्या तळहातावर ठेवला आणि आपल्या बोलीत बराच वेळ बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मी अशिक्षित आहे पण मोजायला चुकत नाही. वाचलं त्याच संध्याकाळी मारल्या. बघा म्हणते."

जुना सुती दोरा. गाठी सुटल्या होत्या, पण जिथे जिथे गाठ होती तिथे दोरा दुमडून बसला होता. अनुसयाबाईंना नीट दिसेना. त्यांनी दोरा बोटांतून सरकवत मोजला, नाडी मोजावी तसा. एक, दोन, तीन. नऊ वळ्या.

"हिला विचार, कोणत्या दिवशी मारल्या."

"बुधवारी. कागद बुधवारी आला ना."

सगळं कट्ट्यावरच्या हिशोबाशी जुळत होतं. आमशाने बाहेरच्यांना नऊ सांगितल्या होत्या. आता पाहायचं एवढंच, की स्वतःच्या पाड्याला किती सांगितल्या. बुधवारी सात सांगितल्या असतील तर मामला संपला.

"मी येते तुमच्यासोबत," रिना म्हणाली. "माझं वर्ष कोणी घेतलं, ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय."

५

आमशा पावरा अंगणात बसून मुलाच्या दप्तराचा पट्टा शिवत होता. चाळिशीचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक. तो उठला नाही.

"काढा ना नाव," तो म्हणाला. "इथे यायची काय गरज होती, सिस्टर? एकशेबारा लेख लिहिले. प्रत्येकासाठी त्या टेकडीवरच्या दगडापर्यंत चढलो, तिथेच रेंज येते म्हणून. कौतुक झालं तेव्हा कुणी इतकं चढून आलं नाही."

"नाव काढायला आले नाही. दोरा बघायला आले."

"कोणता दोरा?"

"गायत्रीच्या आईचा."

आमशाने सुई दप्तरात टोचली आणि पहिल्यांदा बाईंकडे नीट पाहिलं. मग शेजारच्या घराकडे हाक मारली. त्याची बहीण दोरा घेऊन आली, मागोमाग गायत्री. गायत्रीने रिनाला पाहिलं आणि ती दारातच थांबली. दोघी बारावीपर्यंत एका बाकावर बसल्या होत्या.

अनुसयाबाईंनी दोरा घेतला. डोळे मिटले आणि बोटांनी मोजला. मग पुन्हा मोजला, उलट्या बाजूने. रिना जवळ सरकली. सात आल्या असत्या तर तिला निदान कुणावर तरी थुंकता आलं असतं.

"नऊ," अनुसयाबाई म्हणाल्या.

"मी काय सांगत होतो?" आमशा म्हणाला. "नऊच लिहिल्या. नऊच बरोबर."

दोन दोरे त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींना नऊ वळ्या. एका दोऱ्याने पाच मुली दहाला नेल्या, दुसऱ्याने तेवीस मुली बाराला. गाठी सारख्या, रोज सोडायची रीत सारखी, शेवट वेगळा. मग सुरुवातच वेगळी असणार. एवढं साधं होतं. तीन आणि नऊ बारा होतात हे सगळ्यांनी तपासलं होतं. तीन कुठून आले, हे कुणी विचारलं नव्हतं.

"या कोणत्या दिवशी मारल्यास?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"सोमवारी. दादा सकाळी दगडावरून लिहून आला आणि म्हणाला, आता संध्याकाळी सगळ्या पाड्यांवर जाईल, आपल्या पाड्यावरही सगळ्यांनी नऊ मारा."

"सोमवारी एक तारीख," आमशा म्हणाला. "एक आणि नऊ दहा. त्यात काय कोडं आहे?"

"तू लेख पुन्हा उघडून पाहिला नाहीस?"

"कशाला? चार वर्षं सकाळचा लेख चारला दिसतो. तुम्ही आहात ना." तो बोलता बोलता थांबला. शिक्षक होता, फळ्यावरची चूक त्याला दुरून दिसायची. तो बाईंच्या काळ्या चष्म्याकडे पाहत राहिला.

अनुसयाबाईंनी पिशवी जवळ ओढली, बाटली शोधली, सापडली, पण थेंब घातला नाही.

"रेंजचा दगड किती लांब आहे?" त्यांनी विचारलं.

६

सहाला दहा मिनिटं कमी असताना आमशाची बहीण धरून चौघं दगडावर पोचली. गायत्री घरीच राहिली. फोनमध्ये दोन काड्या रेंज होती. मंजुरीच्या नोंदींचं एक पान होतं, ते फक्त स्वप्नाली आणि अनुसयाबाईंना उघडता यायचं. उघडायची गरज चार वर्षांत पडली नव्हती.

"तुझी नजर चांगली आहे," अनुसयाबाईंनी फोन रिनाकडे दिला. "आमशा सरांच्या नावापुढचं वाच."

रिनाने वाचलं. "लेख आला, सोमवार, एक जून, सकाळी नऊ वीस. भाषा तपासली, नवनीत पाटील, त्याच दिवशी दुपारी दीड." ती थबकली. "मंजूर, बुधवार, तीन जून, सकाळी अकरा दहा."

"त्याच मिनिटाला एकूण किती मंजूर झालेत?"

"एकतीस."

बैठक सुरू झाली. स्वप्नालीचा आवाज तुटत येत होता. "सिस्टर, आमशा सर तिथेच आहेत का? बरं. काय निघालं?"

इथे अनुसयाबाईंना गप्प राहून काय मिळालं असतं, तेही मोजायला हवं. नवनीतरावांची कबुली हातात होती. "तारीख भाषा तपासणाऱ्याने खोडली" एवढं एकच वाक्य पुरे होतं, आणि ते खोटंही नव्हतं. आमशा सुटला असता. मंजुरीची जागा राहिली असती, चार वर्षांत एकदा न चुकण्याची कीर्ती राहिली असती, आणि त्या कीर्तीशिवाय घरी पोचल्यावर त्यांची वाट पाहायला दुसरं फारसं काही नव्हतं.

"आमशाचा आकडा बरोबर होता," त्या म्हणाल्या. "त्याने सोमवारी नऊ गाठी लिहिल्या. लेख सोमवारी जायला हवा होता. तो गेला बुधवारी, आणि बायांनी बुधवारपासून मोजलं. मधले दोन दिवस लेख माझ्याकडे पडून होता. मी सुरतेला बारशाला गेले नव्हते. डोळ्याचं ऑपरेशन होतं. पट्टी होती, फोन बंद होता."



"पण सिस्टर, दोन दिवस तुम्ही मला सांगायचं ना," स्वप्नाली म्हणाली. "मी मंजूर केले असते."

"म्हणूनच सांगितलं नाही. दोन दिवस तू केलंस आणि सगळं नीट चाललं, तर तिसऱ्या दिवशी मी कशाला हवी?" त्यांनी चष्मा काढला. उन्हं कलती होती तरी डोळ्याला पाणी आलं. "बुधवारी पट्टी सुटली. एकतीस लेख साठले होते. अक्षरं पोहत होती. एकही न वाचता सगळ्यांवर मंजूर दाबलं. वाचलं असतं तर ‘आजपासून’ दिसलं असतं. आणि कालपासून मी चोर शोधतेय."

"सिस्टर," नवनीतरावांचा आवाज आला, "तारीख मी काढली व्हती. ते बी लिखा. एकटी कसाले घेतीस अंगवर?"

"तुमची काय ती भरपाई तुम्ही करा, नाना. माझी मी करते."

भूपेशही बैठकीत होता. त्याच्या मागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता.

रिना दगडाच्या कडेला बसली होती. तिला घेणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, ते तिने ऐकलं. 

"तुम्ही नर्स होत्या ना?" तिने विचारलं.

"बत्तीस वर्षं."

"मला पण तेच व्हायचं होतं." मग जरा वेळाने, "पुढच्या वर्षी होईन. पण पुढच्या वेळी मी गाठींवर येणार नाही, सर. वाईट वाटून घेऊ नका."

आमशाने मान हलवली. वाईट त्याला वाटलंच.

"उद्या पंधरा," अनुसयाबाई तिला म्हणाल्या. "मी तुझ्यासोबत नर्सिंगच्या शाळेत येते. चूक आमची म्हणून लिहून देते."

"घेतील?"

बत्तीस वर्षांत अनुसयाबाईंनी नातेवाइकांना पुष्कळदा खोटा धीर दिला होता. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "नाही घेणार बहुतेक. तरी जाऊ."

दोघी गेल्या. शाळेने घेतलं नाही.

त्यानंतर कट्ट्यावर एक छोटा लेख आला: ‘सल्ला लिहिणाऱ्यांसाठी सल्ला’. आज, उद्या, परवा असं लिहू नका. वाचणारा तुमच्या दिवसात राहत नाही. वार आणि तारीख लिहा, गाठी त्याखाली. आणि आजारी असाल तर तसं सांगा. खाली नाव अनुसया गावित. त्या लेखाला कट्ट्यावरचे सगळ्यात जास्त अंगठे पडले आणि त्यांच्या नावापुढे तारा आला. त्यांनी स्वप्नालीला सांगून तो काढवला.

आता कुणी काय भरलं, ते पाहू. आमशाने तीन दिवस शिव्या भरल्या. नाव परत मिळालं, पण दगडावर चढायचा हुरूप त्याला आधीसारखा पुन्हा आला नाही. नवनीतरावांनी आपला तारा सोडला आणि बायकोशी चाललेलं भांडण हरले. भूपेशने काहीच भरलं नाही. त्याच्या दारात रांग आहे. गायत्रीने कुणाचं काही घेतलं नव्हतं, तरी तिने एका बाकावरची मैत्रीण भरली. अनुसयाबाईंनी मंजुरीची जागा दिली, आणि चार वाजले की अजून त्यांचा हात फोनकडे जातो.

उशीर एकूण दोन दिवसांचा होता. वर या सगळ्यांनी मिळून जे भरलं ते एका बाजूला ठेवलं, तरी दुसऱ्या बाजूला तेवीस मुलींनी प्रत्येकी एक वर्ष भरलं आहे. तेवीस वर्षं. त्यांना मात्र कुणी आधी विचारलं नव्हतं.